नारळ दिल्याची बातमी होते, पाठीशी उभे राहिल्याचीही होऊ द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर इंग्लंडमधल्या फुटबॉल मॅनेजरांच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांच्या, गच्छंतीवर आलेला लेख वाचला. मी इंग्लंडमध्ये हाय विकम या गावात राहते, पण सकाळी चहाबरोबर आपलेच दैनिक मोबाइलवर उघडते आणि सुरुवात क्रीडा पानापासून करते. लेखातल्या नावांविषयी, तारखांविषयी माझे काही म्हणणे नाही. आक्षेप आहे तो शेवटच्या परिच्छेदाला. ‘निकाल देत नसेल तर नारळ’ हा इंग्लिश क्लबांचा रोखठोक कारभार आपल्याकडच्या क्लबांनीही शिकावा, असा सल्ला तिथे दिला आहे. तो वाचून राहवले नाही. मी ज्या क्लबच्या स्टँडमध्ये बसते त्या क्लबने नेमके याच्या उलट केले आणि त्याचे फळ मी डोळ्यांनी पाहिले आहे. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. वडील शाहू स्टेडियमवरचा एकही मोठा सामना चुकवत नसत आणि मलाही बरोबर नेत. इथे मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि विकम वाँडरर्स या क्लबचे सीझन तिकीट घेते. लंडनच्या वायव्येला असलेल्या या गावात एके काळी खुर्च्या बनवणारे कारखाने होते, त्यावरून संघाला अजूनही ‘चेअरबॉइज’ म्हणतात. मैदानाचे नाव अ‍ॅडम्स पार्क. इंडस्ट्रियल इस्टेटमधून जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला ते आहे, मागे झाडीने भरलेली टेकडी, आणि प्रेक्षक मावतात दहा हजारांच्या आसपास.

आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल म्हणजे प्रीमियर लीगचे २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकीत २४ संघ. असे मिळून ९२ क्लब. लीग टूच्याही खाली घसरलात की या ९२ मधून नाव जाते, पैसा आटतो, प्रायोजक पाठ फिरवतात, आणि पुन्हा वर यायला काही क्लबांना वर्षेच्या वर्षे लागतात. मॅनेजरला ठेवायचे की काढायचे हा जीवघेणा निर्णय खरा या खालच्या पायऱ्यांवर घ्यावा लागतो. वरच्या क्लबांना चूक परवडते.

सप्टेंबर २०१२ मध्ये, लीग टूमध्ये असताना, विकमने आपल्या मॅनेजरला काढले आणि संघातल्याच एका वयाने मोठ्या विंगरकडे, गॅरेथ एन्सवर्थ यांच्याकडे, तात्पुरता कारभार सोपवला. लांब केस, चामडी जॅकेट, फावल्या वेळात रॉक बँडमध्ये गाणारा माणूस. क्लबची तिजोरी रिकामी होती. मालकी नुकतीच समर्थकांच्या ट्रस्टकडे आली होती, म्हणजे तिकीट काढून सामना बघणारी माणसेच क्लब चालवत होती. खर्च झेपत नाही म्हणून युवा अकादमी बंद केलेली. पहिला मोसम एन्सवर्थ यांनी सावरून नेला. दुसरा, २०१३-१४ चा, हातातून सुटत गेला. घरच्या मैदानावर तर फार हाल झाले. सामना संपल्यावर स्टँडमधून जे ऐकू येई ते इथे लिहिण्यासारखे नाही.

३ मे २०१४, शनिवार. शेवटचा सामना दूर डेव्हनमध्ये, टॉर्की युनायटेडशी. आमच्या वरच्या ब्रिस्टल रोव्हर्सकडे तीन गुण जास्त होते. त्यांना घरच्या मैदानावर मॅन्सफिल्डशी नुसती बरोबरी पुरत होती. ती झाली असती तर आम्ही कितीही गोलांनी जिंकून उपयोग नव्हता, आम्ही लीगबाहेर. मी दुकानात ड्यूटीवर होते. मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांवर रेडिओ ठेवला होता, काउंटरपर्यंत ऐकू येईल एवढा आवाज करून. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले एक आजोबा, जन्मभर खुर्च्यांच्या कारखान्यात राबलेले, पिशवी हातात घेऊन काउंटरला टेकले ते हललेच नाहीत. तिकडे टॉर्कीत विकमचे तीन गोल झाले, पण आजोबांचा जीव ब्रिस्टलमध्ये अडकलेला. मॅन्सफिल्डने एक गोल केला होता आणि रोव्हर्स तो फेडण्यासाठी धडपडत होते. अखेर शिट्टी झाली. १-०. गुण सारखे, गोलफरकावर विकम वाचले. आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पहिले वाक्य बोलले ते असे : “आता याला काढू नका म्हणावं.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. २४ संघांत २२ व्या क्रमांकावर आलेल्या मॅनेजरला ट्रस्टने घरी पाठवले असते तर कोणीही बोट दाखवले नसते. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असत्या, समर्थकांतले निम्मे खूशही झाले असते. ट्रस्टने काढले नाही. त्यांच्याकडे दुसरा आणायला पैसे नव्हते, हेही खरे. पण पैसे नसलेले कितीतरी क्लब उसनवारी करून मॅनेजर बदलतात. या माणसाने कसल्या परिस्थितीत काम केले ते ट्रस्टमधल्या लोकांना माहीत होते, कारण ते स्वतः त्याच परिस्थितीत क्लब चालवत होते.

त्या उन्हाळ्यात एन्सवर्थ यांनी संघ जवळजवळ नव्याने बांधला. दुसऱ्यांनी सोडून दिलेले, वय झालेले, दुखापतीतून उठलेले खेळाडू गोळा केले. पुढच्याच मोसमात, २०१५ च्या मे महिन्यात, विकम लंडनच्या वेम्बली मैदानावर प्ले-ऑफची, म्हणजे वरच्या पायरीवरची शेवटची जागा ठरवणाऱ्या सामन्यांची, अंतिम लढत खेळत होते. साउथएंडने जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि आम्ही पेनल्टी शूटआउटमध्ये हरलो. तेव्हाही मॅनेजर बदलला नाही. २०१६ मध्ये आदेबायो अकिनफेन्वा आले. भल्याभक्कम शरीराच्या या स्ट्रायकरला तेव्हा दुसरे कोणी बोलावत नव्हते. २०१८ मध्ये लीग वन गाठली. १३ जुलै २०२० रोजी, कोरोनामुळे रिकाम्या वेम्बलीवर, ऑक्सफर्ड युनायटेडला २-१ ने हरवून विकम इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये गेले. जो जेकबसन यांनी पेनल्टी मारली तेव्हा आमच्या गल्लीतल्या घराघरांतून एकदम आरडाओरडा ऐकू आला.

त्या बढतीत नशिबाचा भाग होता, हे मी नाकारत नाही. कोरोनाने मोसम अर्धवट थांबला, खेळलेल्या सामन्यांच्या सरासरी गुणांवर क्रमवारी ठरली आणि आठव्या क्रमांकावरचे विकम तिसऱ्यावर आले. पण मार्चच्या आधी काही काळ हाच संघ पहिल्या क्रमांकावर होता, करारबद्ध खेळाडूंची मोजदाद हातांच्या बोटांवर होईल अशा उन्हाळ्यानंतर. पुढच्या मोसमात चॅम्पियनशिपमध्ये आम्ही एका गुणाने घसरलो : विकम ४३, डर्बी काउंटी ४४. क्लबच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मोसम जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टँडसमोर झाला, याचे दुःख गावाला अजून आहे. आणि घसरल्यावरही एन्सवर्थ राहिले. २०२२ मध्ये त्यांनी संघाला पुन्हा वेम्बलीवर नेले, तिथे संडरलंडने हरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते क्वीन्स पार्क रेंजर्सला गेले, स्वतःच्या पायांनी. तिथे त्यांना आठ महिने मिळाले. ऑक्टोबरमध्ये काढले.

आता आमच्या शेजारच्या परगण्यातला दुसरा क्लब बघा, वॉटफर्ड. २०१२ पासून तो इटलीतल्या पोझो कुटुंबाकडे आहे आणि मॅनेजर बदलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. २०१४-१५ च्या एका मोसमात तिथे चार मॅनेजर झाले. त्यातले बिली मकिन्ली दोन सामने आणि आठ दिवस होते. त्या मोसमात वॉटफर्ड प्रीमियर लीगमध्ये गेले, हे आपल्या लेखकाने आवर्जून सांगितले आहे आणि ते खरेच आहे. त्यांनी सांगितले नाही ते पुढचे. २०२२ च्या उन्हाळ्यात रॉब एडवर्ड्स या तरुण मॅनेजरला आणले तेव्हा क्लबच्या वरिष्ठांनी जाहीर केले होते की काहीही होवो, आम्ही याच्या पाठीशी राहणार. लीगचे दहा सामने झाले आणि सप्टेंबरमध्ये एडवर्ड्स घरी गेले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ल्यूटनने घेतले. ल्यूटन म्हणजे वॉटफर्डचा हाडवैरी, आणि पाच वर्षे लीगबाहेर काढून २०१४ मध्ये परतलेला क्लब. २७ मे २०२३ रोजी याच एडवर्ड्स यांनी प्ले-ऑफची अंतिम लढत जिंकून ल्यूटनला प्रीमियर लीगमध्ये नेले. वॉटफर्डने त्या एका मोसमात आणखी दोन मॅनेजर बदलले आणि ते चॅम्पियनशिपच्या मधल्या भागात राहिले.

याच वॉटफर्डमध्ये १९७७ साली ग्रॅहम टेलर आले होते. गायक एल्टन जॉन तेव्हा अध्यक्ष. क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे अगदी तळाला होता. पाच वर्षांत टेलर यांनी तो पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या, डिव्हिजनमध्ये नेला, १९८३ मध्ये दुसरा क्रमांक, १९८४ मध्ये एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम लढत. दहा वर्षे ते राहिले. आज वॉटफर्डच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि एका स्टँडला त्यांचे नाव आहे. २०१२ नंतर आलेल्या मॅनेजरांपैकी किती जणांची नावे तिथल्या एखाद्या पोराला ओळीने सांगता येतील, मला शंका आहे.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण सगळेच देतात, म्हणून मी त्यातला एक धागा तेवढा धरते. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले आणि १९८९-९० चा मोसम १३ व्या क्रमांकावर संपला. जानेवारी १९९० मध्ये एफए कपचा सामना नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर होता. हरले तर फर्ग्युसन जाणार असे सगळीकडे लिहून येत होते. मार्क रॉबिन्स या पोरगेल्या खेळाडूच्या गोलाने युनायटेड जिंकले आणि पुढे कपही जिंकला. लीगचे पहिले विजेतेपद यायला १९९३ उजाडले. फर्ग्युसन यांना आल्यानंतर सातवा मोसम लागला. पुढची गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे.

मला सांगायचे आहे ते रॉबिन्स यांच्याविषयी. मार्च २०१७ मध्ये ते कॉव्हेंट्री सिटीचे मॅनेजर म्हणून आले. क्लब लीग वनमधून घसरणार हे जवळजवळ ठरलेले होते, आणि घसरलाच. मालकांशी समर्थकांचे भांडण, मैदानावरून कोर्टकज्जे. दोन मोसम तर त्यांना घरचे सामने बर्मिंगहॅममध्ये जाऊन खेळावे लागले. त्या सगळ्या गदारोळात एकच गोष्ट जागेवर होती, ती म्हणजे मॅनेजर. २०१८ मध्ये लीग वन, २०२० मध्ये चॅम्पियनशिप, २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या दारात. ल्यूटनविरुद्धच्या ज्या अंतिम लढतीचा उल्लेख वर केला ती हीच. कॉव्हेंट्री पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. एका बाजूला वॉटफर्डने दहा सामन्यांत टाकून दिलेले एडवर्ड्स, दुसऱ्या बाजूला सहा वर्षे टिकवून धरलेले रॉबिन्स. मला त्या दिवशी दोघांचेही कौतुक वाटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या मालकांनी रॉबिन्स यांना काढले. नंतर आलेल्या फ्रँक लॅम्पार्ड यांनी संघ पाचव्या क्रमांकावर नेला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या हाती आलेला संघ उभा कोणी केला, तेही त्याच वाक्यात सांगायला हवे.

फॉरेस्टचे नाव निघालेच आहे. १९९० च्या त्या सामन्यात फॉरेस्टचे मॅनेजर ब्रायन क्लफ होते. १९७४ मध्ये लीड्सने त्यांना ४४ दिवसांत काढले होते. जानेवारी १९७५ मध्ये फॉरेस्टने बोलावले, तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. वर यायला दोन वर्षांहून जास्त लागली. त्यानंतर १९७८ मध्ये लीग, १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन कप. लीड्समधला निकम्मा ठरवलेला माणूस तोच होता, फरक मिळालेल्या वेळेचा होता. २०२५ मध्ये याच फॉरेस्टने अँजे पोस्टेकोग्लू यांना ३९ दिवस दिले आणि चेल्सीकडून हरल्यावर वीस मिनिटांच्या आत काढल्याचे जाहीर केले. पाचच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, त्यांनी टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली होती. टॉटनहॅमनेही त्यांना जूनमध्ये काढलेच होते.

माझ्या म्हणण्याचा अर्थ मॅनेजरला जन्मभर ठेवा असा नाही. क्लफ १९९३ पर्यंत राहिले आणि शेवटच्या मोसमात फॉरेस्ट तळाला जाऊन घसरले. ते काही वर्षे आधी थांबले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्यावर जीव टाकणारेही म्हणतात. आर्सेन वेंगर यांच्या आर्सेनलमधल्या २२ वर्षांतल्या शेवटच्या काहींबद्दलही तसेच. आणि खेळाडूंना वाईट वागवणारा किंवा काम न जाणणारा मॅनेजर असेल तर त्याला पहिल्याच महिन्यात काढावे. प्रश्न आहे तो काम जाणणाऱ्या माणसाचे दिवस फिरतात तेव्हाचा.

आपल्या लेखकाचा मुख्य आधार चेल्सी आहे. रोमन अब्रामोविच यांच्या काळात मॅनेजर येत-जात राहिले आणि चषकही येत राहिले. मार्च २०१२ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस गेले, मे महिन्यात रॉबेर्तो दी मात्तेओ यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली, नोव्हेंबरमध्ये त्यांनाही काढले. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेले, मे महिन्यात टुखेल यांनी पुन्हा तीच स्पर्धा जिंकली. सगळे खरे. पण २०२२ मध्ये क्लब विकताना अब्रामोविच यांनी क्लबला दिलेले जे कर्ज सोडून दिले ते दीड अब्ज पौंडांच्या घरात होते. एवढा खिसा असेल तर दर मोसमाला नवा मॅनेजर, नवे खेळाडू, जुन्यांची भरपाई सगळे जमते. आणि तोही हिशेब नंतर चुकला. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मालकांनी ब्रायटनला दोन कोटी पौंडांहून जास्त भरपाई देऊन ग्रॅहम पॉटर यांना आणले, पाच वर्षांच्या करारावर. एप्रिल २०२३ मध्ये काढले. ब्रायटनमध्ये तीन वर्षे निवांतपणे संघ घडवलेला हा माणूस चेल्सीत सात महिनेही पुरा पडला नाही. त्या पैशांत आमच्यासारखे क्लब किती वर्षे चालले असते, याचा विचार मनात येतोच.

‘मॅनेजर बदलला आणि संघ जिंकायला लागला’ हा आपल्या लेखातला दुसरा मुद्दा. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलंड्सच्या लीगवर याचा अभ्यास केला आहे. क्लब मॅनेजरला काढतो तो संघ अगदी गाळात गेल्यावर, आणि तिथून थोडेफार वर येणे बहुतेक वेळा होतेच. त्यांनी तितक्याच वाईट अवस्थेतल्या पण मॅनेजर न बदललेल्या संघांशी तुलना केली, तर तेही साधारण तितकेच सावरले होते. मी दुकानात रोज हेच बघते. सर्दी सात दिवसांत बरी होते आणि श्रेय पाचव्या दिवशी घेतलेल्या गोळीला मिळते.

तोटा मात्र खरा असतो. एक मॅनेजर जातो तेव्हा त्याच्याबरोबर दोन-तीन सहायक, गोलकीपरचा प्रशिक्षक, कधी फिटनेस बघणाराही जातो. ही माणसे घरदार हलवून आलेली असतात, मुलांना इथल्या शाळेत घातलेले असते. ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या मॅनेजरला जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याची मुदत, उघडेपर्यंत दुसऱ्याने निवडलेले खेळाडू घेऊनच खेळावे लागते. आणि ज्याला माहीत आहे की आपल्या हातात पाचच सामने आहेत, तो १९ वर्षांच्या पोराला मैदानात उतरवणार नाही. अनुभवी, वय झालेला खेळाडूच घेणार. त्या पोराचे वर्ष वाया जाते आणि त्याची बातमी कुठेच येत नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहिते याला कारण आहे. आमच्याकडेही वारे बदलले आहे. एन्सवर्थ गेल्यावर विकमने मॅट ब्लूमफिल्ड यांना आणले. क्लबसाठी ५०० हून अधिक सामने खेळलेला, घरचाच माणूस. २०२४ मध्ये क्लबला मोठ्या खिशाचा नवा मालक मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये लीग वनच्या वरच्या टोकाला असताना ब्लूमफिल्ड यांना ल्यूटनने नेले, कारण त्यांचे एडवर्ड्स नुकतेच गेले होते. ल्यूटन तरीही घसरले आणि ऑक्टोबरमध्ये ब्लूमफिल्ड यांना नारळ मिळाला. विकममध्ये त्यांच्या जागी आलेल्या माइक डॉड्स यांनी संघ प्ले-ऑफपर्यंत नेला, पण नव्या मोसमाची सुरुवात वाईट झाली आणि सप्टेंबरमध्ये तेही गेले. मालकांनी क्लबमध्ये पैसा घातला आहे, सोयी सुधारल्या आहेत, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण २०१४ च्या मे महिन्यात जो धीर रिकाम्या तिजोरीच्या ट्रस्टने दाखवला, तो भरलेल्या तिजोरीनेही दाखवावा असे मला मनापासून वाटते.

आपल्या वाचकांच्या जवळचे उदाहरण हवे असेल तर डेस बकिंगहॅम. २०२१ मध्ये ते मुंबई सिटीला आले. अंधेरीच्या मैदानावर त्यांचा संघ कसा खेळायचा ते माझा भाचा अजून सांगतो. सलग १८ सामने अपराजित राहून त्यांनी इंडियन सुपर लीगची २०२२-२३ ची लीग शील्ड, म्हणजे साखळीतल्या अव्वल क्रमांकाचे बक्षीस, जिंकली, त्याआधी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवून भारतीय क्लबला त्या स्पर्धेतला पहिला विजय मिळवून दिला. तेव्हा त्यांचे मोठमोठे फोटो छापून आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते आपल्या जन्मगावी, ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, आमच्यापासून तासाभराच्या आत. मे २०२४ मध्ये वेम्बलीवर बोल्टनला २-० ने हरवून त्यांनी ऑक्सफर्डला २५ वर्षांनी दुसऱ्या स्तरावर नेले. सात महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, त्यांना काढले. मुंबईच्या मैदानावर आपण ज्याला डोक्यावर घेतले त्या माणसाच्या गावाने त्याला जिंकल्यानंतर एवढाच वेळ दिला, याची दखल मराठी क्रीडा पानाने घ्यायला हवी होती.

आणि ‘आपल्याकडच्या क्लबांनी शिकावे’ हा सल्ला. कोल्हापुरात तालमीच्या संघाला तयार करणारा माणूस बहुधा त्याच पेठेतला जुना खेळाडू असतो. दिवसभर नोकरीधंदा करून संध्याकाळी तो पोरांना मैदानावर घेऊन जातो, पदरमोड करून बूट आणतो. दोन सामने हरले की पेठेत त्याला काय काय ऐकावे लागते, हे मी लहानपणी शेजारच्याच घरात पाहिले आहे. त्याला बदला म्हणणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. हा धडा गिरवायला इंग्लंडकडे बघण्याची गरज नाही. बघायचेच तर २००९ मध्ये हॅरोगेट टाउनला आलेल्या सायमन वीव्हर यांच्याकडे बघावे. क्लब तेव्हा सहाव्या स्तरावर होता. ११ वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांनी तो पहिल्यांदाच ९२ क्लबांत आणला. त्यांचे वडील नंतर क्लबचे मालक झाले, त्याचा आधार होताच. पण मालकाचा मुलगा असला म्हणून गोल होत नाहीत.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. मॅनेजरला काढल्याची बातमी छापाल तेव्हा त्याच चौकटीत तो आला तेव्हा क्लब कुठे होता, त्याला किती महिने मिळाले आणि त्याच्या आधीच्या पाच वर्षांत तिथे किती मॅनेजर झाले, हे तीन आकडे द्या. आणि मोसमाच्या शेवटी लीग वन आणि लीग टूचे गुणतक्तेही छापा, रविवारच्या अंकात एका कोपऱ्यात चालतील. जागेअभावी पत्र कापावे लागले तर चेल्सीचा परिच्छेद कापावा, टॉर्कीच्या शनिवारचा ठेवावा.

आपली नम्र,
एक वाचक
हाय विकम, इंग्लंड (मूळ गाव कोल्हापूर)